भाकरीचा धनी

मराठी तिसरीत असताना आम्ही 'कुत्रा' या विषयावर निबंध लिहिला होता. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे. तो आपल्या धन्याचे घर राखतो,' ही त्यातील पहिली दोन वाक्ये. ती आमची नव्हती, आमच्या मास्तरांची होती. आणि बहुधा त्यांचीही नसून त्यांच्या मास्तरांची असावीत. पुढे केस पांढरे होईपर्यंत या वाक्यांत काही उणे आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. कुत्रा इमानी खरा, परंतु कोणाशी? ज्याची भाकरी खातो त्याच्याशी. ज्याची खात नाही त्याच्याशी, विशेषतः त्याच्या शेळीशी, तो कसा वागतो याविषयीचा परिच्छेद आमच्या निबंधात नव्हता. 2025 सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत तो राहून गेलेला परिच्छेद आम्हांस ढोकीस वाचावयास मिळाला, आणि तोही आमच्याच घराच्या दारात.

आमचे वडिलोपार्जित घर ढोकीस आहे. नोकरीमुळे आमचा मुक्काम दूरच्या शहरी असतो. मातुश्री मात्र ऐंशी उलटली तरी गाव सोडावयास तयार नाहीत. आमच्या लहानपणी बार्शी लाईट रेल्वेची लहान गाडी अरुंद रुळांवरून धापा टाकीत येथून लातुरास जात असे. आता रूळ रुंद झाले आणि गाड्याही मोठ्या झाल्या. कीर्तनकारांच्या तोंडी तेर आणि ढोकी या दोन गावांचे 'तेरढोकी' असे एकच नाव होते, व गोरोबाकाकांचे गाव म्हणून शेजारच्या तेरच्या पुण्याईचा थोडा वाटा आम्हांसही मिळतो. पुण्याई गोरोबांची; पण पोट मात्र कोरडवाहू जमिनीवर, उसाच्या हंगामावर आणि शेळीवर चालावयाचे.

ही शेळी साधीसुधी नव्हे. काळीभोर, उंच पायांची, लोंबत्या कानांची. कमी पाण्यात व काट्याकुट्यावर तग धरणारी. आणि पुष्कळदा एका वेतात जुळे देणारी. 2023 साली आमच्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, परंतु शेळीने आपले नाव बदललेले नाही. ती सर्व हिंदुस्थानात अद्याप 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखली जाते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आम्हांस विचाराल तर ती गरिबाची पेटीही आहे. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, शाळेची फी, यांपैकी काहीही दत्त म्हणून उभे राहिले की घरातली बाई आधी गोठ्याकडे पाहते.

आमच्या भिंतीपलीकडे अशीच एक पेटी होती. तिची मालकीण विधवा, वयाने आमच्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, आणि आम्ही प्राध्यापक झालो तरी त्या आम्हांस 'बापू' म्हणूनच हाक मारतात. चार शेळ्या, दोन करडे आणि बाभळीच्या काट्यांचे कुंपण, एवढा त्यांचा संसार. भिंतीच्या अलीकडे आमच्या मातुश्रींचा वेगळाच संसार. पहिली भाकरी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, हा त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नेम. घरची गाय जाऊन वीस वर्षे झाली; त्यामुळे पहिली आणि शेवटची अशा दोन्ही भाकरी कुत्र्यांच्या वाट्यास येऊ लागल्या. एकाची चार कुत्री झाली. त्यांत एक पट्टेरी अंगाचा दांडगा कुत्रा, दोन तांबडे जवान कुत्रे, आणि एक म्हातारी, दात पडलेली लंगडी कुत्री. दिवसभर ती आमच्या ओट्याखाली इतकी गरीब होऊन पडत की, टपालवाला त्यांना ओलांडून येत असे.

रात्री ती काय करीत, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

मे महिन्यातील एका पहाटे पलीकडून आरडाओरड ऐकू आली. आम्ही बॅटरी घेऊन धावलो तेव्हा सर्व आटोपले होते. कुंपणाची एक बाजू उचकटलेली. दोन्ही करडे गळा फाटून पडलेली. एका गाभण शेळीची मांडी हाडापर्यंत सोललेली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी टाके घातले. पण संध्याकाळपर्यंत शेळीही गेली. पाचसहा कुत्री होती, असे मावशी म्हणाल्या. त्यांपैकी पट्टेरी आणि दोन तांबडी त्यांनी कंदिलाच्या उजेडात ओळखली होती.

"तुमच्या भाकरीवर वाढलेली कुत्री हायेत, बापू," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

यावर आम्ही जे बोललो ते लिहिताना आज लाज वाटते, परंतु ते लिहिल्यावाचून या निबंधास अर्थ नाही. आम्ही म्हणालो, "मावशी, ती आमची नव्हेत. ती गावाची कुत्री आहेत. आम्ही फक्त उरलेसुरले घालतो."

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. मावशींनी आमच्याकडे क्षणभर पाहिले व म्हणाल्या, "माझी शेळी तुमच्या हरभऱ्यात शिरली व्हती तवा तुमच्या वडलांनी कोंडवाड्यात घातली. म्या दंड भरून सोडवली. तवा म्या म्हणले का, शेळी गावाची हाय म्हणून?"

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके पक्के नि कोणते कच्चे हे सांगितले, अशी कथा आमच्याकडे पोरासोरांस ठाऊक आहे. त्या पहाटे आमचेही डोके वाजले, आणि आवाज कसा आला हे सांगावयास संत लागत नव्हता.

दुपारी आमच्या एका हितचिंतकाने तोड काढली. "लांडगा आला होता म्हणावे. वनखात्याचा पंचनामा होईल, बाईला भरपाई मिळेल, आणि तुमचीही सुटका होईल." तोड मोठी सोयीची होती. वन्य प्राण्याने पाळीव जनावर मारल्यास सरकार भरपाई देते. कुत्र्याने मारल्यास देत नाही. सोलापूर-धाराशिवच्या माळांवर लांडगा आहे, हेही खोटे नव्हे. म्हणजे मेलेली शेळी तीच, जखम तशीच. पण दात कोणाचे यावर तिची किंमत ठरावयाची. आम्ही ही गोष्ट, किंचित आशेने, मावशींच्या कानावर घातली. त्या म्हणाल्या, "लांडगा पोटासाठी येतो, एक उचलतो आन् जातो. ह्यांनी खाल्लं न्हाई, नुस्तं फाडून टाकलं. त्या मुक्या जनावरावर खोटा आळ कशाला?" नुकसान झालेली बाई लांडग्याला न्याय देत होती, आणि पदवीधर मनुष्य आपली कुत्री लांडग्याच्या नावावर खपवू पाहत होता.

मावशींचे निरीक्षणही अचूक होते. पोटभर जेवलेला कुत्रा शिकार करीत नाही, ही आम्हां कुत्राप्रेमी मंडळींची मोठी भाबडी समजूत आहे. कुत्रा शेळीवर जातो तो बहुधा भुकेने नव्हे. पळणारे जनावर पाहिले की त्याच्या अंगातील जुना पाठलाग जागा होतो, आणि टोळी जमली की एकाचा चेव दुसऱ्यास चढतो. म्हणून कोंडलेल्या करडांच्या कळपात तो एकाच रात्री तीनचार जनावरे मारतो आणि एकही खात नाही. सकाळी तोच कुत्रा ओट्याखाली येऊन शेपटी हलवतो. त्यात ढोंग नसते. त्याच्या लेखी दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. भाकरीमुळे त्याचा स्वभाव पालटत नाही. तो कोणत्या दाराशी मुक्काम करील एवढेच भाकरीमुळे ठरते.

चार दिवसांत गावात दोन पक्ष पडले. मेंढ्या-शेळ्या बाळगणारे एकीकडे. कुत्र्यांस घास घालणारे दुसरीकडे. पारावर सभा भरली. एक म्हणाला, सगळी मारून टाका. दुसरा म्हणाला, मुक्या जीवाला माराल तर नरकात जाल. तिसऱ्याने कायदा काढला. आणि कायदा म्हटले की शिकलेल्या माणसाकडे पाहावयाचे अशी आमच्या गावची रीत असल्यामुळे सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले ते असे. प्राण्यांस क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा 1960 चा. त्याखाली कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम 2001 साली झाले व ते बदलून 2023 साली नवे आले. त्यांचा आशय इतकाच की, कुत्री मारावयाची नाहीत. धरून, शस्त्रक्रिया करून, पिसाळण्याविरुद्ध लस टोचून पुन्हा जागच्या जागी सोडावयाची. हे काम स्थानिक संस्थेचे. "मग करा की," असे शेळीवाले म्हणाले. कोण करणार, कोठे करणार, पैसा कोणाचा, याचे उत्तर पारावर कोणापाशीच नव्हते.

घरी आल्यावर आम्ही अधिक शोध केला, आणि एक गोष्ट पाहून थक्क झालो. इंग्रजी अमदानीत 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. कोंडवाड्यात कोणते जनावर घालता येईल, त्याची यादी त्यात आहे. हत्ती आहे, उंट आहे, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी, इतकेच काय, शेळीचे करडूही आहे. कुत्रा नाही. आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता खरा. पण कोंडवाडा ही संस्था आमच्याही गावी होती, आणि तिचीही समजूत हीच होती. हरभऱ्यात तोंड घालणाऱ्या शेळीला धनी असतो, त्या धन्याला दंड असतो. शेळीचा गळा फोडणाऱ्या कुत्र्याला मात्र ना कोंडवाडा, ना धनी. कायदा करणाऱ्यांनी पिकाचा विचार केला. शेळीचा विचार केला तो केवळ आरोपी म्हणून.

याच इंग्रजांनी आपल्या घरी मात्र निराळा न्याय लावला होता. कुत्र्याने गुरेमेंढरे मारली तर 'त्याची खोड आम्हांस आधी ठाऊक नव्हती' ही धन्याची सबब चालू नये, असे त्यांनी 1865 साली ठरविले व 1906 च्या कायद्यात ते पुन्हा घातले. त्या कायद्यातील गुरांत शेळीही येते. आणि धनी कोण? इजा झाली त्या वेळी ज्या घरी तो कुत्रा पाळलेला असेल किंवा ज्या घरी त्यास राहू दिले जात असेल, त्या घरचा रहिवासी हाच, उलट सिद्ध होईपर्यंत, धनी समजावा. 'राहू दिले जात असेल' हे शब्द वाचून आम्ही पुस्तक मिटले. ज्या ओट्याखाली ती कुत्री राहत होती तो ओटा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांस हार्डीची 1874 सालची ती प्रसिद्ध कादंबरी शिकवीत आलो, जिच्यात गेब्रिएल ओकचा तरणा कुत्रा फाजील उत्साहाने त्याचा मेंढ्यांचा कळप कड्यावरून खाली लोटतो आणि एका रात्रीत मेंढपाळाचा मजूर होतो. नियती, निसर्ग, शोकान्त नायक, असे सर्व आम्ही शिकविले. ज्याचे बुडाले त्याच्याच कुत्र्याने बुडविले, म्हणून तेथे भांडणास जागा राहिली नाही, ही साधी गोष्ट मात्र आमच्या कधी ध्यानात आली नव्हती.

इतक्यात आणखी एक घटना घडली. एका सकाळी म्हातारी लंगडी कुत्री ओट्याखाली फेस गाळून मरून पडली. कोणी तरी मांसातून विष घातले होते. पट्टेरी आणि दोन्ही तांबडी जिवंत. जिला दातच नव्हते ती मेली. महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिल्लाने हविर्द्रव्यास तोंडही लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. तेव्हा सरमा सभेत येऊन विचारते, 'याचा अपराध काय?' कोणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देऊन जाते. आम्हांस ती कथा आठवली आणि रागही आला. नव्या न्यायसंहितेच्या 325 व्या कलमान्वये जनावरास विष घालणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आम्ही कागद पुढे ओढून पोलिसांस तक्रार लिहावयास बसलो. भाषा फर्डी साधली होती.

मातुश्री दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या त्या कुत्रीसाठी सकाळपासून जेवल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "काय लिहितोस?" आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "लिही. पण आधी शेळीचा हिशेब दे, मग कुत्रीचा माग."

आमची लेखणी तेथेच थांबली. तक्रार आम्ही फाडली. विष घालणारा सुटावा असे आम्हांस वाटत नव्हते, आणि आजही वाटत नाही. परंतु दुसऱ्याचे देणे अंगावर ठेवून न्याय मागावयास जाणाऱ्याचा आवाज सभेत उमटत नाही. सरमेचे पिल्लू निरपराध होते म्हणून तिचा प्रश्न राजसभेस झोंबला. आमच्या ओट्याखाली निरपराध एकटी लंगडीच होती.

आमच्याकडे नामदेवांची एक गोष्ट सांगतात. कुत्र्याने त्यांची भाकरी पळविली तेव्हा कोरडी भाकरी त्यास कशी उतरेल, म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही गोष्ट आमच्या मातुश्रींच्या नेमामागे होती, आणि आमच्या 'मुक्या जीवांवर दया' या भाषणामागेही होती. परंतु त्या दिवशी तिचा एक पैलू प्रथमच दिसला. भाकरी नामदेवांची स्वतःची होती, तूपही त्यांचेच होते. शेजाऱ्याचे करडू कुत्र्याच्या तोंडी देऊन ते तुपाची वाटी शोधीत गेले नव्हते. दया करावी ती आपल्या पदराची. तिचे देणे दुसऱ्याच्या नावे चढू लागले की तिला दया म्हणू नये.

संध्याकाळी पैसे घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. दोन करडे आणि एक शेळी, चालू बाजारभावाने हिशेब करून अठरा हजार रुपये नेले होते. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या, आणि म्हणाल्या, "गाभण व्हती, बापू. पोटातली मोजली का?"

आम्ही ती मोजली नव्हती. घरी येऊन पुन्हा हिशेब केला, पुन्हा गेलो, आणि येताना कुंपणाऐवजी लोखंडी जाळी बसवून देण्याचेही ठरवून आलो. मावशींनी आभार मानले नाहीत. देणे फेडणाऱ्याचे आभार मानण्याची रीत नाही, हे त्यांचे बरोबरच होते.

पुढची हकीकत थोडकी आहे. दोन तांबड्या कुत्र्यांस आम्ही जिल्ह्याच्या गावी नेऊन लस टोचविली, शस्त्रक्रिया करविली, गळ्यात पट्टे घातले. आता दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत ती आमच्या अंगणात साखळीस असतात. पट्टेरी मात्र साखळी पाहताच पळाला. तो हल्ली दुसऱ्या आळीत कोणाच्या तरी भाकरीवर असतो, आणि तेथेही 'तो गावाचा आहे' असेच सांगतात. 'जो भाकरी घालील त्याने बांधावे' असे पारावर ठरले. दोनतीन घरे ते पाळतात, बाकीची पाळत नाहीत. मटणाच्या दुकानामागचा कचरा उघडाच पडतो, मेलेली गुरे माळावर टाकली जातात, आणि तोवर कुत्र्यांची वाण पडणार नाही, हेही दिसते आहे.

हा तंटा नवा नाही आणि आमच्या गावापुरताही नाही. जून 1832 मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारावयास लावली तेव्हा मुंबईत पारशी मंडळींनी व त्यांच्यासह इतरांनी दंगा केला, बाजार बंद पाडला. 2019 च्या पशुगणनेत देशातील मोकाट कुत्री दीड कोटींहून अधिक भरली. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने एक हुकूम दिला, अकरा दिवसांनी तो सुधारला, आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. एका बाजूस चावलेली मुले, दुसऱ्या बाजूस कोंडली जाणारी कुत्री; दोघांचेही दुःख खरे. परंतु ते रकाने वाचताना आम्ही शेळी शोधीत होतो, आणि ती काही आम्हांस सापडली नाही. ज्यांच्या शेळ्या मरतात ते पत्रे लिहीत नाहीत, हे त्याचे एक कारण असेल.

सुधारलेल्या त्या हुकुमात, कुत्र्यांस खाऊ घालावयाचे तर ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असे एक वाक्य आहे. ते वाचून आम्ही मातुश्रींना सांगितले. त्या म्हणाल्या, "हे सांगायला दिल्ली कशाला? आपल्या अंगणात घालावे, आणि घातल्यावर दार लावून घ्यावे."

साखळीची सवय नसल्याने तांबडी अजून रात्री कण्हतात. मातुश्रींची झोप मोडते; मग त्या उठून अंधारातच त्यांच्यापाशी जाऊन बसतात. सुटीत आम्हीही जागे होतो. कधी कधी मनात येते, सोडून द्यावी बिचारी. तेवढ्यात भिंतीपलीकडे एखादी शेळी झोपेत कान फडफडविते, पुन्हा सर्व शांत होते, आणि मावशींचे घोरणे ऐकू येते. इतकी वर्षे आमच्या भाकरीसाठी जागरण त्या करीत होत्या. आता ते भिंतीच्या अलीकडे आले आहे, आणि त्याची जागा हीच आहे.